नजर तेलाच्या काट्यावर!

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर स्पोर्ट्स कार पळवायला निघालेले दोस्त मला हमखास विचारतात, "काही टिप?" माझं उत्तर ठरलेलं: स्पीडोमीटर सोडा, ऑइल टेंपरेचर बघा.

पाण्याचा काटा झटकन मधोमध येतो. तेल मात्र निवांत तापतं. ते साधारण ८० अंश सेल्सिअस होईपर्यंत मी इंजिन पिळत नाही. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३मध्ये तर तेल थंड असताना टॅकोमीटरवरचे दिवेच दटावायचे, 'अजून थांब!'

१०० ते १२० अंश म्हणजे मस्त. १३० दिसले, की मी हट्ट सोडतो. फार तापलेलं तेल पातळ होतं, बेअरिंगमधला त्याचा थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि खेळ खल्लास! (गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा असेल, तर तीच पाळा.)

बुद्धची मोठी सरळ किलोमीटरहून लांब आहे, तिथे तेल तापणारच. मग काय करायचं? वरचा गिअर टाका, आरपीएम उतरवा, एक लॅप आरामात मारा. लगेच पिटमध्ये घुसून इंजिन बंद करू नका. कूलरला वाहती हवा हवी असते.

दोन लॅप हळू गेले तर गेले, यार. इंजिन त्याहून खूप महाग असतं!