मखराला बक्षीस, मोदकाला काय?

भाद्रपद जवळ आला की आमच्या आंजर्ल्यात घरोघर दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. ओटीवर मखराचे आणि माजघरात मोदकांचे. ओटीवर घरातील मुलगे व त्यांचे मित्र, माजघरात आई, आजी, काकू. दोन्ही कामे हाताचीच, दोन्ही बाप्पासाठीच. परंतु आरतीला आलेला प्रत्येक माणूस आधी मखराकडे पाहतो आणि विचारतो, "यंदा मखर कोणी केले हो?" मग आमच्या दादाचे नाव घेतले जाते, त्याच्या पाठीवर थाप पडते. प्रसाद हातात घेऊन "हा मोदक कोणी वळला?" असे विचारणारा माणूस माझ्या एकोणीस वर्षांत मला तरी भेटलेला नाही. मोदक घरी झालेला असतो. जणू घरानेच तो वळलेला असतो!

माझी तक्रार मखराबद्दल नाही, हे आधीच सांगून टाकते. दादाचे मखर खरोखरच सुंदर असते. तो मुंबईला नोकरीला आहे. एस. टी.ने रात्रभर प्रवास करून चतुर्थीच्या आधी चार दिवस येतो आणि बॅग ठेवून लगेच कामट्या तासायला बसतो. बांबूचा सांगाडा, त्यावर आईची जुनी साडी, पुढे घोटीव कागदाची कमळे. पूर्वी आमच्याकडेही थर्माकोलची तयार मखरे आणीत. २०१८ साली राज्य सरकारने थर्माकोलवर बंदी घातली आणि आमच्या वाडीतल्या पोरांचे हात पुन्हा कागदाकडे, कामट्यांकडे वळले. ही बंदी मला तरी फायद्याचीच वाटते. सगळ्यांत चांगले मखर झाले ते २०२० साली. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या दारच्या सात माडांपैकी पाच गेले. वर कोरोनाची टाळेबंदी, दुकानात कागद मिळेना. तेव्हा बारावीतल्या दादाने पडलेल्या माडांचे झाप विणून मखर उभे केले. त्याला एक पैसाही लागला नाही. तसे मखर नंतर कधी जमले नाही, असे तो स्वतःच म्हणतो.

त्याच वर्षी मोदकासाठी नारळ मात्र विकत आणावे लागले. आजी म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा. नव्याने लावलेले बाणवलीचे रोप फळाला यायला सहा-सात वर्षे जातात. तोवर सारणाचा नारळ दुकानातूनच येणार. वादळात झाडे कोणाची गेली याची मोजणी झाली, नोंद झाली. पण त्या श्रावणात कमी नारळांत तितकेच मोदक कसे बसवायचे हा हिशेब आईने चुलीपाशी बसून एकटीने केला, त्याची नोंद कुठे असणार?

आता मोदकाचे काम कसे असते ते जरा सविस्तर सांगते, कारण खाणाऱ्यांना ते ठाऊक नसते. सुवासिक तांदूळ आधी धुऊन सावलीत वाळवायचा आणि बारीक दळून आणायचा. जुना तांदूळ चालत नाही, त्याला चिकटपणा नसतो आणि पारीला चिरा पडतात. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला आधण आले की पिठी घालून ढवळायची, झाकण ठेवून वाफ आणायची. मग ती उकड गरम असतानाच मळायची. गार झाली की हातातून गेली. म्हणजे हात भाजत असतानाच मळायची, असा त्याचा सरळ अर्थ आहे. लिंबाएवढी गोळी घेऊन तिची पारी करायची. कडा पातळ, तळ जरा जाड. सारण भरायचे आणि अंगठा व दोन बोटांच्या चिमटीने पाकळ्या पाडून त्या वर एकत्र आणायच्या. आजी अकराच्या खाली पाकळ्या मोजतच नाही, त्याला ती "गाठोडे" म्हणते. बाप्पाला नैवेद्य एकवीस मोदकांचा. पण मुंबईची माणसे आलेली, शेजारपाजार, आरतीची मंडळी, मिळून शंभर तरी होतात. शंभर मोदकांना अकराप्रमाणे अकराशे पाकळ्या. चतुर्थीच्या एका सकाळी. आणि पूजेला भटजी येण्यापूर्वी!

मित्रमैत्रिणींनो, माझा मुद्दा एवढाच आहे. कागदाच्या कमळाला सोळा पाकळ्या काढणारे हात उकडीच्या पारीला अकरा पाकळ्या का काढू शकत नाहीत? बोटे तीच, चिमूट तीच. कागद फाटू नये म्हणून जो हलका हात लागतो तोच पारीलाही लागतो. किंबहुना माजघरातल्या बायकांपेक्षा दादाचीच बोटे या कामाला अधिक तयार आहेत. तो वर्षभर मुंबईत कारखान्यात बारीक तारा जोडण्याचे काम करतो. तरीसुद्धा तो माजघरात येतो तो खळ मागायला. हो, मखराचा कागद चिकटवायची खळसुद्धा आईच शिजवून देते, मोरचूद घालून, म्हणजे कीड लागू नये. मखरात तिचा तेवढा वाटा आहे, पण तो कोणाच्या ध्यानात येत नाही.

या मुद्द्यावर मला तीन उत्तरे मिळाली आहेत. पहिले, पुरुषांचा हात वळत नाही. यावर मी विचारते, लग्नकार्यात, देवळातल्या भंडाऱ्यात पाचशे पानांचा स्वयंपाक कोण करते? आचारी. आणि आचारी बहुतेक पुरुषच असतो. म्हणजे पैसे मिळत असले की हात वळतो. दुसरे उत्तर, परंपरा आहे. परंतु परंपरा आमच्या सोयीने वाकते हे आम्ही थर्माकोल आणले तेव्हाच सिद्ध झाले. तिसरे उत्तर कोणी तोंडाने देत नाही, ते प्रसंगाने कळते. चतुर्थीला नेमकी आईची अडचण आली तर धावपळ करून शेजारच्या काकूंना मोदक वळायला बोलावले जाते. त्यांना त्यांच्या घरचे मोदक असतातच. त्या आपले आटोपून आमच्याकडे येतात. त्या वेळी घरात बाबा, काका आणि दादा असे तीन धडधाकट पुरुष ओटीवर बसून पूजेला उशीर होतो म्हणून घड्याळ पाहत असतात. अडचण नेमकी कोणाची, असा प्रश्न मला पडतो. (अडचणीच्या प्रथेबद्दलही मला पुष्कळ म्हणायचे आहे, पण तो निराळा लेख होईल.)

आता माझ्याविषयी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. दादा बारावीनंतर नोकरीला लागला. बाबा दुसऱ्यांच्या वाडीत शिंपण्या-सोलण्याचे काम करतात, आई चौथीपर्यंत शिकलेली. मी दापोलीला कॉलेजात जाऊ लागल्यापासून आईने एक नवा नेम केला आहे. मी पारी करायला बसले की ती म्हणते, "तू ऊठ, तू अभ्यास कर. ह्यात काय आहे? हे कोणीही करील." तिचे प्रेम मला कळते. आपल्या वाट्याला आले ते मुलीच्या वाट्याला येऊ नये, असे तिला वाटते. परंतु "हे कोणीही करील" हे खरे नाही. कोणीही करू शकत असते तर शेजारच्या काकूंना बोलवावे लागले नसते. शिकणे म्हणजे माजघरातून सुटका, असा अर्थ आपल्यासारख्या घरांत झाला आहे. मग सुटका झाली ती माझी. आई तिथेच राहिली, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी झाली. मुलगी शिकली म्हणून काम कमी होत नाही, ते उरलेल्या बाईवर पडते. मी उठले तर तिथे दादाने बसावे, आणि मी बसले तरी दादाने बसावे, असे माझे म्हणणे आहे.

यावर शहरातल्या मैत्रिणी म्हणतील, मग विकत का आणत नाही? जरूर आणावेत. घरचे ते सगळे पवित्र आणि विकतचे ते सगळे बेचव असे मी मानीत नाही. विकतचा मोदकही कोणा ना कोणा बाईनेच वळलेला असतो. फरक इतकाच की तिथे तो मोजला जातो. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. पापड त्या बायका आधीही घरी लाटतच होत्या. त्यात नवे काय होते, तर लाटलेल्या पापडाचा हिशेब, आणि लाटणारीच संस्थेची मालक असणे.

हा हिशेबाचा चमत्कार मी घरीही पाहिला आहे. कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनाला आणि समुद्रावर सुटीच्या दिवसांत पुष्कळ पाहुणे येतात. त्यांची उतरायची सोय गावातल्या घरांतून होते आणि त्यांना पानात उकडीचे मोदक हवे असतात. आईला अशा दोन घरांतून मोदकांची मागणी येऊ लागली आहे. नगावर पैसे मिळतात. फार नाही, पण मिळतात. तेव्हापासून बाबा संध्याकाळी विचारतात, "आज किती झाले?" इतकी वर्षे चतुर्थीला अकराशे पाकळ्या पडत होत्या तेव्हा त्यांनी एकदाही मोजले नव्हते. हल्ली मोठी मागणी असली तर ते न सांगता नारळ खवून देतात. बाबांना हसण्यासाठी मी हे लिहीत नाही. मोजले गेले की काम दिसू लागते, एवढेच मला यातून दिसले.

हे ज्ञान लिहून ठेवायलाही हवे. लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणीमित्र' १९१० साली छापले, कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली आले, आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी घरांतल्या नव्या मुलींना आधार मिळाला. आमच्या आईकडे मात्र माप नाही, "अंदाज" आहे. वर मी जे वाटीभर पिठी, वाटीभर पाणी असे लिहिले ते तिच्या हातून पीठ काढून घेऊन, मोजून, पुन्हा तिला देऊन लिहिले आहे. ती वैतागली होती. उकड झाली की नाही हे कसे ओळखायचे, असे विचारले तर म्हणाली, "हाताला कळते." आता मोबाईलवर मोदकाच्या चित्रफिती पुष्कळ दिसतात. पण त्यात उकड नेमकी किती गरम हे कसे कळणार? ते शेजारी बसूनच कळते. म्हणूनच शेजारच्या जागेबद्दल माझा इतका आग्रह आहे.

यंदा चतुर्थीला मी दादाला बसवले. मखर आदल्या रात्री पुरे झाले होते, त्यामुळे सबब नव्हती. आजीने पुष्कळ कुरकुर केली. पहिले चार मोदक फुटले. पाचव्याच्या पाकळ्या नीट पडल्या, पण वर मिटता मिटेनात. सातवा बरा झाला. नंतर मात्र त्याने कमळाच्या पाकळ्या दुमडतो तशी पारी डाव्या हातात फिरवायला सुरुवात केली आणि नवव्या-दहाव्या मोदकापासून आई त्याच्या हाताकडे बघू लागली. नैवेद्याच्या एकवीसमध्ये त्याचे मोदक घ्यायला आजी तयार झाली नाही. ते आरतीच्या मंडळींना गेले. फुटलेल्या पाऱ्यांत मिरची, जिरे आणि मीठ घालून आईने निवगऱ्या केल्या, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी सगळ्यांत आधी त्याच संपल्या. आरतीला आलेल्या कोणीतरी नेहमीप्रमाणे विचारले, मखर कोणी केले? दादा म्हणाला, "मखर राहू द्या, तुमच्या हातातला मोदक मी केलाय." त्यावर सगळे हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी एक सूचना. स्नेहसंमेलनात रांगोळी आणि पाककला या स्पर्धा आहेत. नियमांत कुठेही "फक्त मुलींसाठी" असे लिहिलेले नाही, पण नावे देतात त्या मुलीच. रंगमंचाची सजावट करतात ते मुलगे. यंदा निदान मोदकांची स्पर्धा जोड्यांनी ठेवावी, एक मुलगा व एक मुलगी. उकड मुलाने मळावी, मखराचा कागद मुलीने कापावा, आणि मोदक घरून करून न आणता तिथेच, सर्वांसमोर वळावेत. भांडी स्पर्धकांनीच घासावीत, ही अट ठळक अक्षरात छापावी. परीक्षक म्हणून आमच्या आजीला बोलावता येईल. तिला दुपारच्या गाडीने आणायचे आणि संध्याकाळच्या गाडीने पोहोचवायचे माझ्याकडे लागले. ती पाकळ्या मोजल्याशिवाय मोदक तोंडात घालणार नाही, हे स्पर्धकांना आधीच सांगून ठेवावे.