हुकूम कोणी दिला, तेही विचारा



कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की लोकांना सिनेमातलं बंडखोर यंत्र आठवतं. या भीतीने एका महत्त्वाच्या प्रश्नावर पडदा टाकला आहे, असं माझं ठाम मत आहे.

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधला (१९६८) हॅल हा संगणक अंतराळवीरांच्या जिवावर उठतो, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. पण हॅल बंद पडताना आपोआप सुरू होणारी चित्रफीत नीट ऐका. मोहिमेचा खरा हेतू यानावर फक्त हॅलला ठाऊक होता. यान चालवणाऱ्या दोघांपासून तो वरिष्ठांनीच लपवला होता. १९८४ मध्ये आलेल्या पुढच्या भागात तर हॅलचे निर्माते डॉ. चंद्रा सांगतातच, की त्याला खोटं बोलायला लावलं गेलं. शंकर यांच्या ‘रोबोट’मध्येही (२०१०) चिट्टीला संहारक करणारी लाल चिप बसवतो तो डॉ. बोहरा. न्यायालय मात्र मोडून टाकायला सांगतं ते चिट्टीला!

दोष यंत्राचाच, हा समज पडद्याबाहेर घात करतो. बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत, ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात, ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली झुकवणारी यंत्रणा एकाच सेन्सरवर विसंबून होती. सेन्सरने चुकीचा आकडा दिला. वैमानिक नाक वर ओढत राहिले, यंत्रणा ते पुन्हा पुन्हा खाली ढकलत राहिली. वाटावं, हॅलच अवतरला. पण त्या यंत्रणेला ना इच्छा होती ना राग. आखून दिलेलं काम ती करत होती. एका सेन्सरवर भागवायचं, वैमानिकांना तिची धड माहितीही द्यायची नाही, हे माणसांनी ठरवलं होतं, तेही कार्यालयात बसून.

यंत्र उद्या खरंच स्वतंत्र होईल का, यावर अभ्यासकांनी जरूर वाद घालावा. ती शंका मी हसण्यावारी नेत नाही. पण आजच कर्जाचा अर्ज फेटाळताना ‘सिस्टीम घेत नाही’ असं सांगितलं जातं, आणि ती सिस्टीम कोणी आखली हे विचारायचं आपल्याला सुचतही नाही.

म्हणून समीक्षकांना विनंती, की असा सिनेमा येईल तेव्हा करामतींइतकीच जागा यंत्राच्या मालकांना आणि त्यांच्या हुकमांना द्यावी. आणि आपल्या पटकथाकारांनी चौकशी समितीपुढे बसलेल्या अभियंत्याची गोष्ट एकदा तरी लिहावी. तिच्यात नाट्य कमी नाही.

– एक चित्रपटप्रेमी वाचक, नाशिक