विरजण विकत कशाला?

ज्या घरात रोज दूध तापते त्या घराने विरजणाची पुडी दर महिन्यास बाजारातून आणावी, असा सल्ला कोणी दिला तर आपण त्याला हसू. शेतकऱ्याला मात्र नेमका हाच सल्ला आज कृषी सेवा केंद्राच्या फळीवरून दिला जात आहे आणि त्याला कोणी हसत नाही. जमीन निर्जीव झाली आहे, तिला जिवाणू हवेत, जिवाणू बाटलीत आहेत आणि बाटली आमच्यापाशी आहे, असा हा युक्तिवाद. त्यातील पहिले विधान पुष्कळ अंशी खरे आहे. म्हणूनच शेवटचे बिनबोभाट खपते.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर इंदुरात केव्हाच दिले गेले आहे. १९२४ साली तेथे होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर एक कृषिसंशोधन संस्था उभी राहिली. तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड व सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचऱ्याचे खत करण्याची जी रीत बसविली, तिच्यावरील त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात द्यावयाचे, ओल राखावयाची, तीनदा उलथापालथ करावयाची. तीन महिन्यांत खत तयार. यातील मर्म असे की, नव्या खड्ड्याला लागणारी बुरशी व जिवाणू कोठून विकत आणलेले नव्हते. सुमारे पंधरवड्यापूर्वी भरलेल्या खड्ड्यातील थोडा माल शेणकाल्यात कालवून नव्या थरांवर शिंपडावयाचा, एवढेच. हे घरचे विरजण. ज्या शहराने ते जगाला दिले, त्याच शहराच्या पंचक्रोशीत आज ते बाटलीतून परत येते, यास काय म्हणावे?

जिवाणू जीव आहे आणि जिवाला अन्न लागते. त्याचे अन्न म्हणजे जमिनीतील सेंद्रिय द्रव्य. माळव्यात गव्हाची कापणी झाली की नरवाई पेटवावयाची, बेळगावकडे उसाचे पाचट पेटवावयाचे, आणि मग त्याच राखेवर पैसे मोजून आणलेले जिवाणू ओतावयाचे, हा व्यवहार धान्याची कणगी जाळून पाहुण्यांना आवतण देण्यासारखा आहे. पाहुणे कितीही नामांकित असले तरी उपाशी मरतील. उलट, अन्न व ओल जेथे आहे तेथे बहुतेक जिवाणू न बोलावताच वाढतात. गोव्यातील कुळागरात पोफळीखालच्या पाचोळ्याला कोणी बाटली दाखविलेली नाही.

आता वकिलाच्या नात्याने एक गोष्ट सांगतो. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली जैविक खते २००६ साली आणली गेली. ऱ्हायझोबियमच्या भुकटीत ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवात मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे मानक आहे. मानक उत्तम आहे. परंतु वैशाखाच्या उन्हात पत्र्याखालच्या दुकानात आठवडेच्या आठवडे पडलेल्या पाकिटात त्यांतील किती जिवंत उरल्या, हे शेतकऱ्याने कसे ओळखावे? पीक फसल्यावर दाद मागावी, तर पुरावा जमिनीत मिसळून गेलेला. शेतकरी हा ग्राहक आहे आणि पेरलेल्या बियाण्याचा नमुना त्याने राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या एका प्रकरणात २०१२ साली म्हटले, हे खरे. पण प्रत्येक पाकिटामागे कोण न्यायालयाची पायरी चढणार?

बाटलीवाल्यांना दोष देताना दुसऱ्या पक्षासही सोडता येत नाही. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी जीवामृताचा मोठा प्रसार केला; २०१६ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी, हे एका एकराचे प्रमाण. विरजण म्हणून हे उत्तम आहे. बांधावरची माती घेण्यात तर मोठे शहाणपण आहे, कारण तेथे नांगर फिरलेला नसतो. पण हेच पिकाचे पूर्ण अन्न आहे, असे सांगितले जाते तेव्हा साधा हिशेब करावा. या मिश्रणात नत्र भरेल ते काही शेकडा ग्रॅम. गव्हाच्या चांगल्या पिकाला एकरी लागते ते दहा-वीस किलोंच्या पुढे. विरजणाने दूध निर्माण होत नाही. आणि ज्याच्या गोठ्यात देशी गाय नसून म्हैस आहे, त्याच्या उकिरड्याला अस्पृश्य ठरविण्यास तर काहीच आधार नाही.

घरचे विरजण नेहमीच पुरते असेही नाही. सोयाबीन हे आपल्याकडे बाहेरून आलेले पीक. त्याच्या मुळांवर गाठी धरणारा जिवाणू आपल्या मातीत मुळात नव्हता. जेथे ते प्रथमच पेरावयाचे तेथे प्रयोगशाळेतील संवर्धन आणणे रास्तच होय. पण एकदा जमिनीत रुजलेल्या जिवाणूंसाठी दरसाल पैसे मोजावेत काय, याचा निवाडा जाहिरातीने करू नये, पिकाने करावा. फुलोऱ्यावर आलेले एक रोप मुळांसह अलगद उपटावे व गाठ नखाने चिरावी. आत गुलाबी निघाली तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी वा हिरवट निघाली तर नाहीत. हा साक्षीदार फितूर होत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. जैविक खतांवर सार्वजनिक पैसा खर्चावयाचा असेल, तर तो आधी खड्डे खणण्याच्या व ते उलथण्याच्या मजुरीवर खर्चावा; कारण इंदूर पद्धत मागे पडली ती अज्ञानापेक्षा श्रमामुळे अधिक. ज्या पिकांना बाहेरचे संवर्धन खरोखर हवे, त्यांचे ताजे संवर्धन कृषी विद्यापीठांनी पेरणीपूर्वी तालुक्यात पोचवावे. दुकानातील पाकिटांचे नमुने कारखान्याच्या दारात न घेता विक्रीच्या फळीवरून, तेही ऐन उन्हाळ्यात घ्यावेत. आणि शेतकऱ्याने काडी पेटविण्यापूर्वी एवढेच पाहावे की, आपण जे जाळतो आहोत त्याचीच किंमत उद्या दुकानात मोजणार आहोत.