तीन वर्षं की चार? हिंगोलीतल्या मुलांनी आधी हे बघा

तुम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात बारावी पास होऊन पहिल्या वर्षाला आला असाल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे संलग्न कॉलेजांत पहिल्या दिवसापासून शिकलेली तुमचीच पहिली तुकडी. तुमच्या पुढे या वाटेने कुणी गेलेलं नाही. त्यामुळे ताईला किंवा दादाला विचारून फारसा उपयोग नाही, त्यांचं बीए, बीएस्सी जुन्या पद्धतीचं.

आपलं विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. तारीख मुद्दाम मुक्तिसंग्राम दिनाची. त्याआधी आपली कॉलेजं औरंगाबादच्या विद्यापीठाला जोडलेली होती, आणि १९५८ मध्ये ते निघण्याआधी तर पदवीचा कारभार हैदराबादच्या उस्मानियाकडे होता. विद्यापीठ असं टप्प्याटप्प्याने जवळ येत गेलं. तरी सेनगाव किंवा कळमनुरीच्या खेड्यातून सकाळच्या येष्टीने येणाऱ्या आणि दुपारच्या येष्टीने परत जाणाऱ्या पोराचं कॅम्पस म्हणजे चार तास, एक कट्टा आणि बसस्टँड, एवढंच उरतं. नवी पद्धत आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हा विद्यार्थी कितपत होता, ही शंका मला आहेच.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडण्याची मुभा आहे म्हणून बाहेर पडू नका, कारण ‘कोणत्याही शाखेची पदवी’ मागणाऱ्या जाहिरातीत डिप्लोमा चालत नाही. एमपीएससीची राज्यसेवा असो की बँकेची परीक्षा, तिथे तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. चौथं वर्ष केलं म्हणून तिथे जास्तीचे गुण मिळत नाहीत.

मग चौथं वर्ष कुणासाठी? ज्याला एमए, एमएस्सी करायचंच आहे त्याच्यासाठी. इथे अनेकांचा हिशेब चुकतो. तीन वर्षांची पदवी घेतली तर पुढचं पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं, चार वर्षांची घेतली तर एक वर्षाचं. दोन्हीकडे बेरीज पाचच. म्हणजे घरी ‘अजून एक वर्ष वाया’ असं कुणी म्हणालं, तर हे गणित कागदावर मांडून दाखवा. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर मात्र पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. आणि खरी मेख अशी, की त्यासाठी विभागात पीएचडीचे मार्गदर्शक असलेले प्राध्यापक लागतात, प्रयोगशाळाही त्या तोडीची लागते. तुमच्या विषयाला कॉलेजात एकच सर असतील, तेही तासिका तत्त्वावर, तर चौथं वर्ष कागदावर असून उपयोग काय? त्यासाठी नांदेड किंवा परभणीला खोली करावी लागणार, मेस लावावी लागणार. मुलींच्या घरी तर हा प्रश्न खर्चावर थांबतही नाही. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या निकालाची वाट बघू नका. विभागप्रमुखांना आत्ताच विचारा: माझ्या विषयाचं चौथं वर्ष इथे आहे का?

दुसरी गोष्ट ओजेटीची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची. राज्याच्या आराखड्यात सहाव्या सत्रात त्याला चार क्रेडिट आहेत, साधारण १२० तासांचं काम. पुण्यातल्या मुलाला कंपनी शोधायला फार लांब जावं लागत नाही. औंढ्याच्या मुलाने कुठे जायचं? यावर सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: ओळखीच्या दुकानाचा शिक्का, दोन सह्या, फाईल तयार. क्रेडिट जमा होतील हो. पण मुलाखतीत ‘तिथे नेमकं काय केलंस?’ असं विचारलं की गाडी अडते.

आणि आपल्याकडे काहीच नाही, हे खरं नाही. हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळदीचं बीट चालू असताना बीकॉमच्या मुलाने पंधरा दिवस नुसता आवक-जावकीचा हिशेब लिहिला, अडत कशी कापली जाते ते पाहिलं, तरी पुस्तकातलं अर्धं अकाउंट्स समोर उभं राहील. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला हळद संशोधन केंद्रही उभं राहतंय. हळदीत कुरकुमिन किती, हे मोजणं म्हणजे शुद्ध रसायनशास्त्र. शेतकरी उत्पादक कंपन्यांना जीएसटीचे कागद, पोत्यांच्या नोंदी आणि मोबाईलवरची विक्री सांभाळणारी पोरं हवी असतात. मराठीच्या विद्यार्थ्याला तर नर्सी नामदेव दारात आहे.

औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या आणि लेसर, आणि हे सगळं कशासाठी, तर गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी. यात आयुकासह पुणे, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था आहेत. तिथे आपल्या बीएस्सीच्या पोरांना आपोआप जागा मिळेल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ऑप्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, निर्वात तंत्र आणि संगणक येणारी माणसंच तिथे लागणार, ती कुठल्याही जिल्ह्यातली असोत. पण भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुलांचा वर्ग रोडावत असताना अशी प्रयोगशाळा आपल्या शिवारात येतेय, आणि आपण तिची चर्चा जमिनीच्या भावापुरतीच करतो, हे मला खटकतं.

एक छोटं काम आजच उरका. डिजिलॉकरवर तुमचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचं खातं उघडून बघा. नाव बारावीच्या मार्कशीटप्रमाणे आहे का, झालेल्या सत्रांचे क्रेडिट दिसतात का, हे तपासा. दिसत नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोचपावती मागून घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या सत्रात कुणाला आठवत नाही.