हूड काढलेली जीप आणि गावची मिरवणूक

चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात, आणि यात्रा सुरू झाल्या की जीपगाड्यांची हूडं उतरतात. उकाडा असतो, लग्नाच्या वराती असतात, निवडणुकीचा निकाल लागला तर गुलाल असतो. उघडी जीप, पुढे हलगी, मागे पोरं. हे चित्र आमच्या वाचकांना नवे नाही. आम्हीही त्यात बसलो आहोत, तेव्हा उघड्या गाडीला नावे ठेवण्याचा आमचा विचार नाही.

जीप ही मुळातच उघडी गाडी. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी ती बनली आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत तिची जुळणी सुरू झाली. पुढे बीडीओ साहेबांची जीप, कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप, मग कमांडर आणि वडाप असे करीत ती गावात मुरली. ताडपत्रीचे हूड, चार नळ्या आणि पट्टे, काढायला दोन माणसे पुरत. नव्या गाड्यांत सोय वाढली आहे. 2020 च्या ऑक्टोबरात नवी थार आली, तिच्यात मागे दुमडता येणाऱ्या कापडी छताचा प्रकार मिळू लागला. 2021 पासून रांजणगावला ज्या रँग्लरची जुळणी सुरू झाली, तिच्या टणक छताचे पुढचे दोन तुकडे आतले खटके सोडून हाताने उचलून ठेवता येतात. बागायती पट्ट्यात अशा गाड्या आता बऱ्यापैकी दिसतात. पैसा शेतकऱ्याचा, हौस त्याची. त्यात वावगे काहीच नाही.

वावगे कुठे होते ते सांगतो. छत काढले की माणूस उभा राहतो. बसल्या जागी वारा लागत असतोच, पण हात वर करून, बार धरून उभे राहिल्याशिवाय पोरांना उघड्या गाडीत बसल्यासारखे वाटत नाही. मागच्या फळीवर दोघे, बॉनेटवर एक, आणि चालवणाऱ्याच्या गळ्यात हार. आता हिशोब करा. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर उभा असलेला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. तो मार सुमारे वीस फुटांवरून खाली पडल्याइतका असतो. दुमजली माडीच्या पत्र्यावरून पोराला कोणी उडी मारू देईल का? पण 40 चा वेग आपल्याला वेगच वाटत नाही.

दुसरे असे की, जीप उंच आणि रुंदीला बेताची. वरती चार माणसे उभी राहिली की तिचा तोल आणखी वर जातो. वळणावर, कालव्याच्या भरावावर किंवा पाणंदीच्या खोल चाकोरीतून निघताना ती कलंडायला मग वेळ लागत नाही. अशा वेळी वाचवणाऱ्या गोष्टी दोनच, डोक्यामागचा लोखंडी बार आणि कमरेचा पट्टा. छत नव्हे. बनवणारे स्वतःच पुस्तकात लिहितात की कापडी छत ऊन-पावसासाठी आहे, माणसाला आत धरून ठेवण्यासाठी नाही. म्हणजे छत काढल्याने गाडी एकदम धोक्याची होते असे नाही. पट्टा न लावल्याने मात्र नक्की होते. आणि आपल्याकडे रीत उलटी. छत असले की पट्टा लावतील, काढले की तो मुद्दाम मागे टाकतील, फोटोत आडवा येतो म्हणून!

काही मंडळी तर बारच कापतात. गाडी मोकळी दिसावी म्हणून वेल्डिंगच्या दुकानात नेऊन पत्रा नि बार दोन्ही उडवायचे, ही टूम आमच्या भागात आली आहे. कंपनीने काढण्यासाठीच दिलेले छत काढणे वेगळे आणि गॅसकटरने कापणे वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावले. फूटबोर्डवर, टपावर, बॉनेटवर बसण्याला कलम 123 ने बंदी आहे, आणि ही बंदी वरातीसाठी उठत नाही.

बारीकसारीक गोष्टी गाडीवाल्यांना माहीत असतील, तरी सांगतो. काढलेले तुकडे मागच्या बाकावर मोकळे टाकू नका, घरी ठेवा. ब्रेक लागला की तेच मानेवर येतात. परत बसवताना प्रत्येक खटका हाताने ओढून बघा. अर्धवट लागलेला तुकडा महामार्गावर उडाला तर मागच्या मोटारसायकलवाल्याचे काय? दारेही काढणार असाल तर आरशांचा विचार करा, काही गाड्यांत आरसे दारालाच असतात. पाणंदीत बाभळीच्या फांद्या खाली आलेल्या असतात, मोटारीकडे गेलेली वायर झोळ पडून डोक्याच्या उंचीला लोंबत असते. छत असते तेव्हा फांदी त्याला घासून जाते, नसते तेव्हा ती थेट डोळ्याला येते. रात्री तर पाणंदीत उघडी गाडी घालूच नये.

गावच्या कारभाऱ्यांना एक अडचणीचे सांगायचे आहे. पोरे हे शिकतात कुणाकडून? निवडून आल्यावर बॉनेटवर बसून पेठेतून फिरणारे आपणच. पोलीस पाटील बाजूला उभे असतात, ग्रामसेवक हार घालतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर कुणाचे पोर पडले की वेगाला दोष. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, कारण अशा मिरवणुकांचे फोटो आमच्याच पानांवर आलेले आहेत.

यात्रा कमिटीची बैठक अजून व्हायची असेल तर एवढे ठरवून घ्या. मिरवणुकीची गाडी माणसाच्या पावलाने चालेल, तिच्यापुढे दोन जबाबदार माणसे पायी असतील, चालवणारा प्यालेला नसेल आणि त्याच्याशेजारी कुणी नाचणार नाही. उभे राहायचे ते वेशीच्या आत, गाडी थांबलेली असताना. वेशीबाहेर डांबरी लागली की सगळे खाली बसतील, पट्टे लावतील, आणि जागेपेक्षा जास्त झालेली पोरे उतरून चालत घरी येतील.