पाणी गेल्याची वेळ

प्रसूतीची चाहूल प्रत्येक वेळी कळांनीच लागते असे नाही. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर गर्भवतींपैकी साधारण आठ जणींची पाणमोट कळा सुरू होण्याआधीच फुटते. कधी पाण्याचा एकदम लोट येतो, तर कधी नुसता पाझर लागतो. लघवीवर ताबा राहिला नाही असे समजून घरातील सून संकोचाने कोणाला काही सांगतही नाही. अशा बहुतेक स्त्रियांना दिवसभरात आपोआप कळा येतात आणि बाळंतपण सुखरूप पार पडते. चिंता असते ती मधल्या तासांची.

गर्भजलाची पिशवी हे बाळाचे कवच असते. ते अखंड असेपर्यंत योनिमार्गातील जंतू बाळापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. पिशवी फुटली की वाट मोकळी होते आणि जसजसे तास जातात तसतसा धोका वाढतो. पाणी गेल्यापासून प्रसूतीपर्यंत १८ तासांहून अधिक काळ लोटला, तर डॉक्टर ती जोखमीची बाब मानतात. त्यातच मातेला ताप आला, पाण्याला दुर्गंधी असली, बाळ ३७ आठवड्यांपूर्वी जन्मले किंवा आतून वारंवार तपासणी झाली, तर धोका आणखी वाढतो. हा संसर्ग बाळाच्या रक्तात, फुप्फुसांत, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणूनच घड्याळ कळांपासून नव्हे, पाणी गेल्यापासून मोजावयाचे. व्यापारी घराण्यात रोजमेळातील नोंद त्या दिवशीच होते. उद्यावर टाकलेली नोंद चुकते, हे तेथे कोणाला सांगावे लागत नाही. हीच शिस्त येथे हवी. पाणी किती वाजता गेले, त्याचा रंग स्वच्छ, हिरवट की लालसर होता आणि त्याला वास होता का, हे लिहून ठेवावे. स्वच्छ पॅड वापरावे आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे. पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल किंवा दिवस पूर्ण भरलेले नसतील, तर क्षणाचीही वाट पाहू नये.

‘कळा नाहीत, मग घाई कशाला?’ हा विचार अनेक घरांत होतो. मंडळी दुकानातून वा भाईंदरच्या स्टील कारखान्यातून परत येईपर्यंत किंवा सकाळ उजाडेपर्यंत थांबले जाते. मीरा-भाईंदरमधील अनेक कुटुंबे बोरिवली-कांदिवलीच्या रुग्णालयांत नाव नोंदवितात. तेथे जाताना दहिसर चेकनाक्याच्या कोंडीत अडकल्यास आणखी वेळ जातो. कोणत्या रुग्णालयात जावयाचे, रात्री वाहन कोण काढणार आणि तेथे नवजात अतिदक्षता विभाग आहे का, हे आठव्या महिन्यातच ठरलेले असावे.

चौविहाराचा नियम असलेल्या गर्भवतीस रात्री पाणी किंवा औषध घेण्याचा संकोच वाटतो. परंतु पच्चक्खाणातच आगारांची योजना आहे आणि आजारपणातील औषधासाठीही त्यात जागा ठेवलेली आहे. याविषयी गुरुमहाराजांना आधीच विचारून घेतले, तर ऐन वेळी मनात शंका उरत नाही. सोयराच्या दिवसांत भेटीगाठी कमी होतात, हे बाळाच्या हिताचेच; मात्र त्या कारणाने तपासणी लांबणीवर पडू नये.

रुग्णालयात मातेला प्रतिजैविके द्यावयाची का आणि कळा आणण्याचे औषध केव्हा सुरू करावयाचे, हे डॉक्टर परिस्थिती पाहून ठरवितात. जन्मानंतर बाळ गुटगुटीत दिसले तरी त्याला साधारण दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवले जाते. त्या काळात घरी नेण्याचा आग्रह धरू नये. प्रत्येक बाळाला प्रतिजैविके लागतात असेही नाही. लक्षणे व रक्ततपासणी पाहून ती सुरू होतात आणि अहवाल निर्दोष आल्यास थांबविलीही जातात. जन्मघुट्टी किंवा गुळाचे पाणी देऊ नये. मध तर जैन घरात वर्ज्यच आहे, आणि वैद्यकशास्त्रही तो वर्षभर टाळावयास सांगते. पहिले पिवळसर चिकाचे दूध हेच बाळाचे पहिले संरक्षण होय.

घरी आल्यावर पुढील खुणांकडे लक्ष असावे: बाळ दूध ओढेनासे होणे, सुस्त पडणे, अंग ९९.५ अंश फॅरनहाइट वा त्याहून गरम किंवा थंडगार लागणे, मिनिटाला ६० वा अधिक श्वास चालणे, छाती आत ओढली जाणे, झटके येणे, नाळेभोवती लाली वा पू दिसणे. यांपैकी एकही खूण दिसली, तर त्याच घटकेस डॉक्टरांकडे जावे. नवजाताचा संसर्ग काही तासांतच बळावतो.

केवळ सजग नजर किती जीव वाचवू शकते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखविले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजाताची धोक्याची लक्षणे ओळखून उपचार सुरू करावयास शिकविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, तेथे जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. त्या स्त्रियांपाशी मोठी यंत्रसामग्री नव्हती. होती ती शिकलेली नजर आणि वेळेचे भान. आज आशा सेविकांच्या नवजात-गृहभेटींमागे हाच अनुभव आहे. शासकीय रुग्णालयांत २०११ पासून आजारी नवजाताचे उपचार विनामूल्य आहेत आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

पाण्याचा थेंबही गाळून वापरणाऱ्या घराला जयणा नवी नाही. सूक्ष्म जीवांविषयी जी दक्षता स्वयंपाकघरात पाळली जाते, तीच पाणमोट फुटल्या क्षणापासून येणाऱ्या जीवासाठी पाळावी. सुनेने न लाजता सांगावे, सासूने तत्काळ वेळ लिहून घ्यावी आणि घरातील पुरुषांनी लगेच वाहन काढावे.