दोष इंजिनाचा, भुर्दंड मालकाला

मोटार नवी, तिच्यावरचे कर्ज अजून फिटायचे, आणि इंजिन मात्र भर रस्त्यात मान टाकते. असा प्रसंग ओढवलेल्या मालकाच्या वाट्याला प्रथम येतो तो अविश्वास. तेल वेळेवर बदलले नसेल, पेट्रोल भेसळीचे असेल, गाडी नीट चालवली नसेल, अशी उत्तरे त्याला ऐकावी लागतात. प्रत्येक मालक एकटा असतो, आणि एकट्याची तक्रार अपवादात ढकलणे सोपे असते. अनेकांचे अपवाद एकत्र मांडून त्यांतला दोष ओळखायचा कोणी, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील फोर्ड इकोस्पोर्ट या छोट्या एसयूव्हीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. डिसेंबर 2023 मध्ये फोर्डने तेथे 1,39,730 मोटारी परत बोलावल्या. एक लिटरचे इंजिन असलेल्या 2018 ते 2022 च्या इकोस्पोर्ट आणि 2016 ते 2018 च्या फोकस या त्या मोटारी. या इंजिनात तेलाचा पंप फिरवणारा पट्टा तेलातच बुडालेला असतो. त्याचे दाते झडले किंवा त्याला ताण देणारा भाग मोडला, की तेलाचा दाब जातो आणि वंगणावाचून इंजिन जाम होते. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारे साहाय्यही जाते आणि पेडलवर कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो. मागून भरधाव ट्रक येत असताना हा प्रश्न दुरुस्तीच्या बिलाचा राहत नाही, तो जीविताचा होतो. शिवाय इंजिनाच्या पोटातला हा पट्टा मालकाला दिसत नाही. त्याची झीज त्याने ओळखावी तरी कशी?

या इकोस्पोर्ट मोटारी अमेरिकेत जात होत्या त्या चेन्नईजवळच्या कारखान्यातून. आपल्याकडील इकोस्पोर्टमध्ये निरनिराळी इंजिने होती. तेव्हा प्रत्येक गाडीत तोच दोष असेल असे कोणी समजू नये. परंतु असा दोष आपल्याकडे निघाला तर तो उजेडात येईल का, हे विचारणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत 1966 पासून वाहन-सुरक्षेचा कायदा आहे. तेथे कोणीही नागरिक सरकारी यंत्रणेकडे तक्रार नोंदवू शकतो आणि नावे गाळून त्या तक्रारी सर्वांना वाचायला खुल्या असतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि 1 एप्रिल 2021 पासून तो अमलात आला. एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विक्रीच्या प्रमाणात किती तक्रारी आल्या म्हणजे कारवाई व्हावी, हेही ठरवले आहे. मात्र ही सक्ती सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांनाच लागू आहे. अमेरिकेतील 2016 च्या फोकस मोटारी परत बोलावल्या गेल्या तेव्हा सात वर्षांच्या घरात पोचल्या होत्या. सावकाश वाढणारा दोष आपल्या नियमातून सहज निसटू शकतो, असाच याचा अर्थ.

प्रत्येक बिघाड हा कारखान्याचा दोष नसतो, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. हयगय होते, भेसळही होते. पण नेमके यासाठीच तक्रारींची मोजदाद उघडपणे व्हायला हवी. आकडे झाकलेले राहिले तर प्रामाणिक कंपनीलाही आपली बाजू सिद्ध करता येणार नाही.

सरकारने सात वर्षांच्या मर्यादेचा फेरविचार करावा, नोंदलेल्या तक्रारी नावे गाळून जनतेपुढे ठेवाव्यात आणि चालत्या गाडीत बंद पडणारे इंजिन हा सुरक्षेचाच दोष मानावा. मालकांनीही वर्कशॉपच्या खिडकीपाशी वाद घालून घरी परतू नये. आपली तक्रार सरकारदरबारी नोंदवावी. कायद्याला आकडे लागतात, आणि न नोंदलेली तक्रार कोणत्याच आकड्यात धरली जात नाही.